नाक दाबणारा ब्रेक

आमच्या पिकअपच्या ब्रेकच्या पेडलावरचं रबर डाव्या कडेला दोन मिलिमीटर आणि उजव्या कडेला साडेपाच मिलिमीटर जाड होतं. मी मोजलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला व्हर्नियर कॅलिपर रजिस्टरमध्ये रीतसर नोंद करून मी घरी आणला, गाडीत ओणवी झाले, दोन्ही कडांची तीन-तीन मापं घेतली आणि सरासरी काढली. उजव्या बाजूच्या रेघा अजून नव्यासारख्या होत्या. डावी बाजू अंघोळीच्या साबणाच्या शेवटच्या तुकड्यासारखी गुळगुळीत झाली होती. शेजारच्या क्लचच्या पेडलावरचं रबर मात्र सगळीकडे सारखं झिजलं होतं. वहीत मी निष्कर्ष लिहिला: "ब्रेकचं पेडल किंचित तिरकं बसलेलं आहे."

माप बरोबर होतं. निष्कर्ष चूक होता. पुढच्या आठ महिन्यांत आमची जी शोभा झाली ती या चुकीमुळे, आणि भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे कबूल करायला किती जड जातं ते मोजायचं उपकरण अजून निघालेलं नाही.

गाडी माझ्या सासूबाईंची. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि टेकडीवर आमच्या घरामागे त्यांची रोपवाटिका आहे. रोज सकाळी त्या गाडीत रोपं भरतात आणि स्वतः चालवत खाली बाजारात नेतात. साडेचार किलोमीटर उतार, अकरा वळणं, छत्तीस वर्षं. या छत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाच अपघात झाला, आणि त्यालाही अपघात म्हणू नये असं त्यांचं म्हणणं आहे. अकराव्या वळणानंतर गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली नाही. ती थांबली न्हाव्याच्या दुकानाच्या दुसऱ्या पायरीवर. आत एका गृहस्थाची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी घेऊन ते मागच्या दाराने पसार झाले. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला, बाहेर आला आणि म्हणाला, "आजी, नंबर लावून यायचं असतं."

"ब्रेक जरा मऊ झालेत," आई म्हणाल्या.

घरी मात्र कुणी हसलं नाही. त्या पायरीच्या पुढे, दुकानाला वळसा घालून, शाळेचं फाटक आहे.

"कुणीतरी आईला सांगायला हवं," माझा नवरा म्हणाला. तो हवामान वेधशाळेत नोकरीला आहे. त्याच्या तोंडून 'नक्की' हा शब्द मी लग्न ठरतानासुद्धा ऐकला नव्हता; तेव्हा त्याने "अनुकूल परिस्थिती आहे" असं सांगितलं होतं. त्याच्या 'कुणीतरी'चा अर्थ मला कळत होता. नणंदेने फोनवर तो आणखी स्पष्ट केला. "वहिनी, तूच सांग. तुझं ती ऐकते."

हे खरं नव्हतं. आई कुणाचंच ऐकत नाहीत. इतरांचं त्या काम करता करता ऐकत नाहीत, माझं हातातलं काम थांबवून ऐकत नाहीत. तेवढाच माझा मान.

शिवाय आईंना गाडी सोडा म्हणायचं तर लगेच पुढचा प्रश्न येणार होता, की मग चालवणार कोण. नवऱ्याला तिसऱ्याच वळणावर मळमळतं. राहिले मी. माझ्याकडे चौदा वर्षांपासून परवाना आहे, पण तो मी बँकेत ओळखपत्र म्हणून वापरते. शिकत असताना मी प्रत्येक वेगाला गाडी थांबायला किती अंतर लागेल ते मोठ्याने सांगत असे. शेवटी आमच्या शिक्षकांनी हात जोडले. "बाई, आकडे सगळे बरोबर आहेत. पण तुम्ही रस्त्याकडे बघा." परवाना मिळाला आणि त्या दिवसापासून मी गाडीत डाव्या बाजूला बसू लागले.

तेव्हा माणसाला जे सांगता येत नाही ते यंत्रावर ढकलावं, या शिकल्यासवरल्या लोकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मी गाडी मिस्त्रीकडे नेली. म्हणजे आईंनी चालवली; मी डाव्या बाजूला बसून वही सांभाळली.

मिस्त्रीने चाकं काढली, आत डोकावला आणि हात पुसले. "ब्रेक चांगले आहेत, बाई. आजी उतारभर पाय ठेवून बसतात, त्यामुळे ड्रम तापतात. तापले की ब्रेक रुसतात."

"म्हणजे घर्षण गुणांक कमी होतो."

"रुसतात," मिस्त्री म्हणाला.

मी त्याला पेडलाच्या रबराची मापं दाखवली आणि पेडल तिरकं असल्याचं सांगितलं. त्याने वाकून पाहिलं, दोन बोटांनी पेडल दाबलं, सोडलं. "पेडल सरळ आहे. पाय तिरका असेल."

हा विनोद आहे असं समजून मी सौजन्याने हसले. वहीत लिहिलं नाही.

उपाय त्याने सांगितला तो असा. डिझेलच्या मोठ्या ट्रकना उतारावर वापरायला एक वेगळा ब्रेक असतो, एक्झॉस्ट ब्रेक. भंगारातल्या एका ट्रकचा त्याच्याकडे होता. इंजिनाचा धूर बाहेर जातो त्या नळीत एक झडप बसवायची. बटण दाबलं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की झडप मिटते. "गाडीचं नाक दाबायचं, बाई. श्वास कोंडला की इंजिन आपोआप चाकांना मागे ओढतं. ब्रेक गार राहतात."

मी त्याला कागदावर दट्ट्या, झडप आणि मागे साठणारा दाब काढून पंचवीस मिनिटं समजावलं की यात नाक दाबण्याचा काही संबंध नाही. दट्ट्याला कोंडलेल्या वायूविरुद्ध काम करावं लागतं आणि ती ऊर्जा गाडीच्या गतीतून जाते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तेच," तो म्हणाला. "नाक."

ब्रेक बसला. पेडलावर नवं रबरही चढलं. बटण आलं स्टिअरिंगच्या डावीकडे. आईंनी ते एकदा दाबून पाहिलं. "म्हणजे हे हाताचं काम?"

"हो आई. पायाला काही त्रास नाही."

"बरं केलंस," आई म्हणाल्या. माझ्या कुठल्याही कल्पनेला इतक्या तातडीने मंजुरी मिळण्याची ही एकोणीस वर्षांतली पहिलीच वेळ. मला संशय यायला हवा होता. पण कौतुक झालेल्या माणसाची निरीक्षणशक्ती मंदावते.

मी उताराच्या तळाशी उभी राहून दूरवरून तापमान मोजायच्या यंत्राने पंधरा दिवस ड्रम मोजले. आधी दोनशे बारा अंश, आता एकशे अठरा. आलेख काढून फ्रिजवर लावला. नवरा म्हणाला, "उकाड्यात लक्षणीय घट." आईंनी आलेखाची मागची कोरी बाजू वर केली आणि त्यावर खतांची यादी लिहिली.

गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या काकूंना 'एक्झॉस्ट' म्हटल्यावर लगेच कळलं. "आमच्या स्वयंपाकघरात आहे की. तळणाचा धूर ओढून घेतो. पण गाडीत तळता कधी?" समोरच्या काकांनी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेलं, त्यामुळे त्यांचा आक्षेप वैद्यकीय होता. "जे बाहेर पडायचं ते आत अडवायचं? हे कुठल्याही प्रकृतीला मानवत नाही. इंजिनाला बद्धकोष्ठ होईल. तेव्हा मी म्हणालो होतो हे लक्षात ठेवा." दोन दिवसांनी ते एक कागद घेऊन पुन्हा आले. हा ब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, आणि पिकअपचा मागचा भाग रिकामा असेल तेव्हा ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरू शकतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मी तपासलं. बरोबर होतं. बद्धकोष्ठाच्या माणसाकडून बरोबर माहिती मिळणं हे फार त्रासदायक असतं. मी गाडीत मागे वाळूची चार पोती टाकली आणि बटणाखाली चिठ्ठी चिकटवली: 'रस्ता ओला असल्यास दाबू नये.' तिसऱ्या आठवड्यात दोन पोत्यांतून पुदिना वर आला होता. आईंना रिकामी माती बघवत नाही.

पुढची अडचण मात्र काकांनाही सुचली नव्हती. ती पाववाल्याला कळली, आणि तीही आदळल्यावर.

पाववाल्याची व्हॅन रोज आईंच्या मागोमाग उतरते. त्या दिवशी सातव्या वळणावर आईंनी बटण दाबलं, गाडी मंदावली, आणि पाववाला हळूच येऊन मागे टेकला. कुणाला लागलं नाही. फक्त लिंबाचं एक रोप कुंडीसकट उडून त्याच्या काचेसमोर उभंच्या उभं जाऊन बसलं.

"आजी, तुमचा लाल दिवा लागलाच नाही," पाववाला म्हणाला. "मला कसं कळणार तुम्ही थांबताय ते?"

त्याचं बरोबर होतं. मागचा लाल दिवा पेडलाला जोडलेला असतो. हा ब्रेक पेडलाला न शिवता काम करतो. म्हणजे गाडी मंदावते, पण मागच्यांना कुणी काही सांगत नाही. आमच्या घरात आठ महिने हेच चाललं होतं, पण त्या वेळी माझं सगळं लक्ष विजेच्या जोडणीवर होतं.

मिस्त्री गावाला गेला होता. त्याच्या शेजारच्या वायरवाल्याला मी स्वच्छ आकृती काढून दिली: बटण, झडप, लाल दिवा. त्याने ती उलटी धरली आहे हे माझ्या लक्षात आलं, पण इतक्या वयाच्या माणसाला कागद सरळ धरा असं कसं सांगायचं म्हणून मी गप्प राहिले. मागे म्हटलंच आहे, आमच्या घराची ती पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी मी आईंसोबत गाडीत होते. पाचव्या वळणावर त्यांनी बटण दाबलं. गाडीमागून एका तरुण बाईचा आवाज आला: "सावधान. गाडी मागे येत आहे. सावधान. गाडी मागे येत आहे."

वायरवाल्याने जोडणी रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्याला आणि त्याच्या भोंग्याला केली होती.

आम्ही पुढे जात होतो, हे आम्हाला माहीत होतं. पाववाल्याला माहीत नव्हतं. कालच लिंबू खाल्लेला माणूस तो; त्याने पांढरा दिवा पाहिला, सूचना ऐकली आणि व्हॅन मागे घेतली. त्याच्यामागे शाळेची बस होती, तीही मागे सरकली. बसमागे गॅसच्या टाक्यांचा ट्रक, त्यामागे लाकूड भरलेला टेम्पो, त्यामागे बारा-पंधरा दुचाकी. अख्खी रांग शिस्तीत, कुणालाही धक्का न लावता, टेकडीवर उलटी चढत गेली. मी मागच्या काचेतून पाहत होते. इतकं सुसंघटित चलन मी प्रयोगशाळेतसुद्धा क्वचितच पाहिलं आहे. आणि त्या सगळ्यांपासून दूर जात ती बाई तळमळीने सांगत होती, की गाडी मागे येत आहे.

खाली चौकात वाहतूक पोलीस उभा होता. शाळेची घंटा होऊन गेली तरी शाळेची बस नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"आजी, गाडी पुढे चालली होती की मागे?"

"पुढे."

"मग ती मागे येतेय म्हणून का ओरडत होती?"

"तिची ती जाणे," आई म्हणाल्या. "बोलायचं एक, करायचं एक. घरोघरी असतंच."

पोलिसाने बोनेट उघडायला लावलं, झडप पाहिली आणि वहीवर पेन टेकवलं. "हा जास्तीचा ब्रेक कागदावर आहे का?" नव्हता. वीस दिवसांत वाहन नोंदणी कार्यालयात नोंद करून घ्या, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं त्याने सांगितलं. आईंचा चेहरा मी प्रथमच उतरलेला पाहिला. घरी आल्यावर त्या रोपांना पाणी घालत राहिल्या, घातलेल्यांनाच पुन्हा.

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही संधी आहे. कागद झालेच नाहीत तर गाडी आपोआपच बंद. कुणाला काही बोलायला नको."

मला हे सुचलं नव्हतं असं नाही. पण आईंना एखाद्या फॉर्मने घरी बसवायचं, हे मला पटेना. मी रजा टाकली.

नोंदणी कार्यालयात तीन खिडक्या होत्या. पहिली बंद होती, दुसरीवर 'तिसऱ्या खिडकीवर चौकशी करावी' असं लिहिलं होतं, आणि तिसरीतला कारकून सभ्य होता. त्याने माझा अर्ज घेतला. 'बदलाचे स्वरूप' या रकान्यात मी लिहिलं होतं, एक्झॉस्ट ब्रेक. त्याने संगणकावर 'एक्झॉस्ट' टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"यात एकच येतंय. एक्झॉस्ट फॅन."

"पण हा फॅन नाही. ब्रेक आहे."

"ब्रेकमध्ये एक्झॉस्ट नाही. एक्झॉस्टमध्ये ब्रेक नाही. तुमचं म्हणणं धुराशी संबंधित आहे ना?"

"एका अर्थाने."

"मग झालं," असं म्हणून त्याने कळ दाबली. मी 'एका अर्थाने' म्हणायला नको होतं. अचूक बोलण्याची सवय अशी जागोजागी नडते.

आठ दिवसांनी पत्र आलं. आमच्या गाडीची नोंद 'फिरते स्वयंपाकघर' या वर्गात झाली होती. त्यासाठी अग्निशामक नळकांडं, हात धुण्याची सोय, पदार्थांची यादी आणि आचाऱ्याचा वैद्यकीय दाखला सादर करायचा होता. काकू पत्र वाचून म्हणाल्या, "मी तेव्हाच विचारलं होतं, गाडीत तळता कधी."

मी पुन्हा तिसऱ्या खिडकीवर गेले. कारकुनाला वाईट वाटलं. पण एकदा झालेलं स्वयंपाकघर नुसतं खोडता येत नाही. ते नाही अशी खात्री आरोग्य निरीक्षकाने करावी लागते. आरोग्य निरीक्षक आमच्या अंगणात आले, गाडीभोवती दोनदा फिरले, पोत्यांतला पुदिना बघून जरा थबकले आणि छापील फॉर्म भरू लागले. मला वाटलं, आता सुटलो. अहवालात होतं: 'झुरळे आढळली नाहीत. शिळे अन्न आढळले नाही. तेलाचा पुनर्वापर आढळला नाही. स्वच्छता उत्तम.' आणि खाली शिक्का: 'स्वयंपाकघरास मंजुरी.'

"कामाची जागा एकंदरीत निरभ्र," नवरा म्हणाला. मी त्याच्याशी सायंकाळपर्यंत बोलले नाही.

तिसऱ्या खेपेला मी कारकुनासमोर मिस्त्रीची झडप ठेवली. जुनी, गंजकी, काळी. गावाहून परतलेल्या मिस्त्रीने बदली करताना काढलेली. त्याच खेपेला त्याने वायरवाल्याची जोडणीही निस्तरून लाल दिवा बटणाला जोडला होता. "ही नळीत बसते," मी म्हणाले, आणि मग, माझ्या सगळ्या शिक्षणाला स्मरून, म्हणाले, "हिने गाडीचं नाक दाबतात."

"असं सांगा ना आधी," कारकून म्हणाला. दोन मिनिटांत स्वयंपाकघर रद्द झालं आणि प्रत्यक्ष चाचणीची तारीख मिळाली. तो विसावा दिवस होता. पोलिसाने दिलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस.

वाहन निरीक्षक सर्दी झालेले, मितभाषी गृहस्थ होते. ते खिडकीपाशी बसले, आई स्टिअरिंगवर, आणि मी मधे, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत. मागे रोपं भरलेली होती. चाचणी झाली की तसंच बाजारात जायचं, असा आईंचा बेत. त्यांनी इस्त्रीचं पातळ नेसलं होतं आणि त्या फार कमी बोलत होत्या. निरीक्षकांनी पास केलं नाही तर उद्या रोपवाटिकेचं फाटक उघडूनही उपयोग नव्हता, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

पहिली चार वळणं उत्तम गेली. आईंनी बटण दाबलं, इंजिन घशात घरघरलं, गाडी जड पावलांनी उतरू लागली. मागचा दिवा लाल लागतोय हे आरशात पाववाल्याच्या काचेवर दिसत होतं. तो दोन गाड्यांचं अंतर ठेवून येत होता आणि त्याने कपाळावर हात टेकवून आम्हाला नमस्कारही केला. निरीक्षकांनी फॉर्मवर खुणा केल्या. "छान. आता मी थांबा म्हटलं की एकदम थांबायचं. नेहमीच्या ब्रेकने."

सहाव्या वळणानंतरच्या सरळ रस्त्यावर ते "थां" म्हणाले आणि शिंकले.

आईंनी उरलेल्या अक्षराची वाट पाहिली नाही. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली, दोन गचके देऊन इंजिन बंद पडलं, आणि मागे कुंड्या एकमेकींवर आपटल्या. मी मधे बसले होते, पेडलांच्या अगदी शेजारी. मला आईंचा डावा पाय दिसला. तो ब्रेकवर होता. नव्या रबराच्या डाव्या अर्ध्या भागावर त्याने वाटिकेतली लाल माती उमटवली होती. उजवा पाय ॲक्सिलरेटरपाशी तसाच होता, जरासुद्धा हलला नव्हता.

निरीक्षकांनी नाक पुसलं. "क्लच का नाही दाबला, आजी? इंजिन बंद पडलं."

"पाय रिकामा नव्हता," आई म्हणाल्या.

"आणि दुसरा?"

आईंनी समोर पाहिलं. "दुसरा उचलत नाही. गुडघ्यातून."

"कधीपासून?"

"न्हाव्याच्या आधीपासून."

निरीक्षकांना न्हाव्याचं काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. त्यांनी फॉर्मचे रकाने वरून खाली वाचले. मग त्यांनी सही केली आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला. "गाडी पास आहे," ते म्हणाले. "या फॉर्मात फक्त गाडीचे रकाने आहेत. चालकाचा रकाना नाही." मग मागचा दिवा बघून येतो असं पुटपुटत ते खाली उतरले. बंद गाडीचा दिवा बघण्यासारखा नसतो, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत असावं.

गाडीत आम्ही दोघी राहिलो. क्लच आणि ब्रेक दोन्ही एकाच पायाने. गिअर बदलायच्या क्षणी थांबायची वेळ आली, तर त्या पायाने एकच काही करता येणार. पायरीवर गाडी का चढली ते मला आता कळलं, आणि रबर एकाच कडेला का झिजलं तेही. उजवा पाय शेजारून येतो, तो उजवी कड झिजवतो; डावी कड झिजवणारा डावाच. दोन आणि साडेपाच. आठ महिने ते वहीत होतं.

"आई, तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुला सांगायला कशाला हवं? तू ते रबर मोजलंस तेव्हाच मी म्हटलं, संपलं. हिला कळलं." त्या पदर सारखा करत म्हणाल्या. "म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. तू तर गाडीला ब्रेक बसवलास. मग मला वाटलं, कळलंय, पण म्हातारीला तोडून बोलवत नाही म्हणून हाताचं बटण करून दिलं. म्हटलं, सून गुणाची आहे."

"मला कळलंच नव्हतं, आई. मी पेडल तिरकं आहे असं लिहिलं."

आईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्या हसू लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत, पोट धरून. "शास्त्रज्ञबाई," त्या म्हणाल्या. "आणि तो तुझा नवरा?"

"त्याला वाटतं, कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं."

"काय सांगायला हवं?"

वाक्य तयार होतं. आठ महिने घोळवलेलं, शब्द न् शब्द पाठ होतं. पण ते बोलले असते तर रडले असते, आणि बाहेर एक सरकारी माणूस उभा होता.

आईंनी दार उघडलं. आधी डावा पाय खाली टेकवला, दाराला धरून दुसरा हाताने उचलून बाहेर घेतला, आणि गाडीच्या नाकावर हात ठेवत ठेवत पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आल्या. मागे पाववाला थांबला होता; त्याच्यामागे बस, बसमागे गॅसचा ट्रक. एकानेही हॉर्न वाजवला नाही. आमच्या गाडीच्या बाबतीत त्यांनी घाई करणं सोडून दिलं होतं.

"सरक तिकडे," आई म्हणाल्या.

मी स्टिअरिंगमागे सरकले. सीट त्यांच्या अंगाची ऊब धरून होती. आई मधे येऊन बसल्या, निरीक्षक त्यांच्या पलीकडे खिडकीपाशी. माझा उजवा पाय ब्रेकवर गेला आणि मला रबराच्या रेघा कळल्या, न झिजलेल्या.

"पुढे या चालवणार का?" निरीक्षकांनी विचारलं. "परवाना आहे?"

मी पर्समधून काढून दाखवला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तो त्याच्या खऱ्या कामासाठी बाहेर आला होता. मी किल्ली फिरवली. थांबायला किती अंतर लागेल ते ओठांवर आलं, पण मी रस्त्याकडे पाहिलं.

"नुसतं आजच नाही," आई निरीक्षकांना म्हणाल्या, मोठ्याने, मागच्या व्हॅनलाही ऐकू जाईल अशा आवाजात. "उद्यापासून रोज हीच चालवणार. मी गाडी सोडली."

मग त्यांनी हात लांब करून बटणावर बोट ठेवलं.

"नाक मात्र मी दाबेन."